बाटलीतले औषध आणि वैशाखातले ऊन

भांगेच्या झाडापासून मिळणाऱ्या औषधांविषयी आपल्याकडे गेली काही वर्षे जी चर्चा चालू आहे, ती बहुतेक वेळा एकाच खुंटीभोवती फिरत राहते. परवानगी द्यावी की देऊ नये? डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातील सर्वांत कडक यादीतून गांजा व चरस वगळण्याचा निर्णय २७ विरुद्ध २५ मतांनी घेतला. त्या वेळी भारताने बदलाच्या बाजूने मत दिले. त्याआधी २०१८ मध्ये उत्तराखंडने औद्योगिक भांगेच्या लागवडीला परवाने देण्यास सुरुवात केली होती. हिमाचल प्रदेशच्या विधानसभेने २०२४ मध्ये नियंत्रित लागवडीच्या बाजूने ठराव केला. समर्थक आणि विरोधक दोघांनीही आपापली बाजू हिरिरीने मांडली. मात्र या गदारोळात एक अगदी साधा आणि रुग्णाच्या दृष्टीने कदाचित अधिक महत्त्वाचा प्रश्न मागे पडला. बाटली एकदा घरात आल्यानंतर तिच्यातले औषध किती दिवस औषध राहते?

सीबीडी, म्हणजेच कॅनाबिडिऑल, हा या झाडातील नशा न आणणारा घटक. नशा आणणारा तो टीएचसी. हे दोन घटक एकाच झाडात शेजारी नांदतात, पण त्यांचे गुण वेगळे आहेत. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात रॉजर ॲडम्स यांनी १९४० मध्ये सीबीडी वेगळा काढला. इस्रायलचे शास्त्रज्ञ राफाएल मेशुलाम यांनी १९६३ मध्ये त्याची रचना निश्चित केली. त्यानंतर अर्धे शतक त्याकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही. २०१३ मध्ये कोलोरॅडो राज्यातील शार्लट फिगी या अपस्माराने ग्रस्त असलेल्या लहान मुलीची कहाणी सीएनएन वाहिनीने दाखवली आणि जगभरातील पालकांचे लक्ष या तेलाकडे गेले. जून २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 'एपिडिओलेक्स' या शुद्ध सीबीडीच्या द्रावणाला ड्राव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या अपस्माराच्या दोन दुर्धर प्रकारांसाठी मान्यता दिली. युरोपातही पुढच्याच वर्षी ती मिळाली.

भारतातील चित्र निराळे आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या व्याख्येत फुलोरा आणि राळ येतात. फुलोऱ्यापासून वेगळी केलेली पाने आणि बिया येत नाहीत. या फटीतून 'विजया' या आयुर्वेदिक नावाने पानांच्या अर्काची तेले बाजारात आली आहेत. ती राज्यांच्या परवान्यावर तयार होतात आणि बहुतांशी ऑनलाइन विकली जातात. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या विषारी द्रव्यांच्या यादीत भांगेचे नाव आहे. साहजिकच अशा औषधाच्या वेष्टनावर ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे, अशी सूचना छापावी लागते. मुंबई, पुणे, नागपूर येथील अनेक घरांत अशी एखादी बाटली आता सापडते. कोणी झोपेसाठी घेतो, कोणी सांधेदुखीसाठी, कोणी कर्करोगाच्या उपचारांतील मळमळीसाठी. या सर्व उपयोगांमागचा पुरावा सारख्याच ताकदीचा नाही, हे येथे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. अपस्माराच्या विशिष्ट प्रकारांबाबत तो भक्कम आहे, अन्यत्र तो कमीअधिक विरळ आहे. परंतु पुरावा भक्कम असो वा विरळ, ज्या बाटलीतून आपण थेंब मोजून घेतो त्या थेंबात सांगितलेले औषध असलेच पाहिजे, याबाबत दुमत होण्याचे कारण नाही.

आणि नेमके तेथेच पाणी मुरते.

हे झाड साठवणुकीत आपला गुण गमावते, ही गोष्ट नवी नाही. किंबहुना आधुनिक रसायनशास्त्राने भांगेचा अभ्यास सुरू केला तोच मुळी एका शिळ्या मालाच्या फसगतीतून. १८९६ मध्ये केंब्रिजच्या वुड, स्पायव्ही आणि ईस्टरफिल्ड या तिघा रसायनशास्त्रज्ञांनी भारतातील चरसाचे पृथक्करण केले. त्यातून त्यांनी 'कॅनाबिनॉल' नावाचे द्रव्य काढले आणि हेच या वनस्पतीचे खरे सत्त्व, असा समज रूढ झाला. पुढे कित्येक दशकांनी उलगडा झाला की कॅनाबिनॉल हा बव्हंशी टीएचसी हवेत जुना होऊन तयार होणारा अवशेष आहे. म्हणजे त्या पिढीने अभ्यास केला तो बऱ्याच अंशी झाडाच्या सत्त्वाचा नव्हे, तर त्याच्या शिळेपणाचा.

डॉक्टरांनाही याचा फटका बसला. विल्यम ओशॉघ्नेसी यांनी १८३९ मध्ये कलकत्त्यात भांगेच्या अर्काचे प्रयोग प्रसिद्ध केल्यावर युरोपातील औषधविक्रेत्यांच्या फळ्यांवर त्याच्या बाटल्या आल्या. परंतु एका बाटलीने गुण यावा आणि दुसरीने काहीच होऊ नये, असा अनुभव वारंवार येऊ लागला. माल भारतातून जहाजाने जाई, गोदामात पडून राही, मग अर्क निघे आणि तो दुकानात महिनोन्‌महिने उभा राही. ब्रिटिश फार्माकोपियातून हा अर्क १९३२ मध्ये आणि अमेरिकेच्या फार्माकोपियातून १९४२ मध्ये वगळला गेला. त्यामागे नव्या कृत्रिम औषधांचा उदय होता, अमेरिकेत १९३७ चा कर कायदा होता, पण परिणामाचा भरवसा नसणे हेही एक ठळक कारण होते. एका औषधाची पत त्याच्या गुणाअभावी जाते तशी त्याच्या साठवणुकीअभावीही जाऊ शकते, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागेल.

या शिळेपणाचे मोजमाप बरेच उशिरा झाले. लंडनच्या स्कूल ऑफ फार्मसीतील फेअरबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आजही या विषयाचा पाया मानला जातो. त्यांचा निष्कर्ष थोडक्यात असा: सर्वांत मोठा शत्रू प्रकाश. थेट ऊन लागलेच पाहिजे असे नाही, खोलीतला नेहमीचा उजेडही पुरतो. त्याखालोखाल हवा आणि उष्णता. नीट तयार केलेला माल अंधारात, साध्या खोलीच्या तापमानाला ठेवला तर वर्ष-दोन वर्षे बऱ्यापैकी टिकतो. येथे 'खोलीचे तापमान' म्हणजे लंडनच्या खोलीचे, हे विसरून चालणार नाही. मिसिसिपी विद्यापीठातील रॉस आणि एलसोहली यांनी १९९९ मध्ये साठवलेल्या गांजाच्या नमुन्यांतील टीएचसीची घट मोजली. पहिल्या वर्षात सरासरी १६.६ टक्के, दोन वर्षांत २६.८ टक्के आणि चार वर्षांत ४१.४ टक्के. हे आकडे वाळलेल्या वनस्पतीतील टीएचसीचे आहेत, सीबीडी तेलाला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. सीबीडी त्या मानाने काहीसा सोशिक. पण तोही अमर नाही. हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन त्याची क्विनोन वर्गातील द्रव्ये बनतात आणि तेल हळूहळू गडद होत जाते. चेक प्रजासत्ताकात २०२१ मध्ये झालेल्या एका अभ्यासात शुद्ध सीबीडीची पूड आणि सूर्यफुलाच्या तेलातील सीबीडी यांची तुलना करण्यात आली. पूड टिकाऊ ठरली, तेलातील सीबीडी लवकर घटला.

ही शेवटची गोष्ट जरा थांबून पाहण्यासारखी आहे, कारण बाजारात मिळते ते बहुधा तेलच. सीबीडी पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याला वाहक तेल लागते. ते तेल कोणते, यावर बाटलीचे अर्धे आयुष्य ठरते. नारळाच्या तेलापासून काढलेले, 'एमसीटी' नावाने ओळखले जाणारे तेल संपृक्त असल्याने सहसा खवट होत नाही. तिळाच्या तेलात स्वतःचेच काही संरक्षक घटक असतात. आपल्या वैद्यांनी सिद्ध तेलांसाठी तिळाला पहिली पसंती दिली ती काही उगाच नव्हे, आणि एपिडिओलेक्सच्या निर्मात्यांनीही तिळाचेच तेल निवडले. याउलट भांगेच्या बियांचे तेल जवसाच्या तेलाच्या जातकुळीतले. त्यात बहुअसंपृक्त स्निग्धाम्लांचे प्रमाण मोठे असल्याने ते लवकर खवटते आणि खवट होणाऱ्या तेलातील क्रियाशील द्रव्ये सोबतच्या सीबीडीलाही सोडत नाहीत. (बियांच्या तेलात मुळात सीबीडी जवळपास नसतोच. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये बिया आणि त्यांचे तेल अन्न म्हणून मान्य केले. त्याचा फायदा घेऊन बियांचे तेल औषधी सीबीडीच्या भावात खपवण्याचे प्रकार होतात. बाटली घेताना हा फरक पाहिलाच पाहिजे.)

मग तेल ठेवायचे कोठे? आपल्याकडच्या घराघरांतले उत्तर ठरलेले असते: फ्रीजमध्ये. पण औषधाचे शास्त्र येथे सरसकट उत्तर देत नाही. एपिडिओलेक्सच्या अधिकृत माहितीपत्रकात ते २० ते २५ अंश सेल्सिअसला, बाटली उभी ठेवून साठवावे, फ्रीजमध्ये ठेवू नये, गोठवू नये, आणि उघडल्यापासून १२ आठवड्यांनी उरलेले टाकून द्यावे, असे स्पष्ट लिहिले आहे. आता दुसरे उदाहरण पाहा. 'सॅटिव्हेक्स' या तोंडात फवारायच्या औषधात टीएचसी आणि सीबीडी दोन्ही असतात. ते न उघडलेले असताना फ्रीजमध्ये ठेवायचे आणि उघडल्यावर २५ अंशांच्या खाली ठेवून ४२ दिवसांत संपवायचे असते. एकाच झाडाची दोन औषधे, आणि सूचना जवळपास परस्परविरोधी. याचे कारण औषधाच्या घडणीत आहे. एकात घटक तिळाच्या तेलात आहेत, दुसऱ्यात मद्यार्क आणि प्रॉपिलिन ग्लायकॉलमध्ये. त्यामुळे 'सीबीडी कसा साठवावा' या प्रश्नाला सामान्य उत्तर देता येत नाही. 'ही बाटली कशी साठवावी' याचे उत्तर ज्याने ती भरली त्यानेच, चाचण्या करून, द्यायला हवे.

फ्रीजचा आणखी एक तोटा आपल्या हवेत विशेष जाणवतो. जुलैच्या मुंबईत फ्रीजमधून काढलेली बाटली लगेच उघडली की बाहेरची दमट हवा आत शिरून गार काचेवर दव धरते. रोज दोनदा असे झाले तर कोरड्या तेलात पाण्याचा अंश जमत जातो. शिवाय काही वाहक तेले थंडीत धुरकट होतात, घट्ट होतात, आणि जास्त तीव्रतेच्या द्रावणातून सीबीडीचे स्फटिक तळाशी बसू शकतात. वरचा थेंब पातळ आणि तळाचा दाट, अशा बाटलीतून मात्रा मोजण्याला अर्थ उरत नाही.

वेष्टनांवरील सूचनांचा प्रश्न यापेक्षा गंभीर आहे. भारतातील अनेक तेलांच्या बाटल्यांवर 'थंड व कोरड्या जागी, प्रकाशापासून दूर ठेवा' इतकेच छापलेले असते. हे वाक्य वाचून ग्राहक मान डोलावतो आणि बाटली कपाटात ठेवतो. पण 'थंड' म्हणजे किती? भारतीय फार्माकोपियाने या शब्दाला निश्चित अर्थ दिलेला आहे: ८ ते २५ अंश. आता मे महिन्यातील नागपूर, अकोला किंवा चंद्रपूर डोळ्यांपुढे आणावे. बाहेर पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि कूलर लावलेल्या खोलीतही तो तिशीच्या वरच राहतो. वातानुकूलन यंत्र अखंड चालवल्याखेरीज त्या घरात फार्माकोपियाच्या अर्थाने 'थंड जागा' अस्तित्वातच नसते. फ्रीज आहे, पण तो २ ते ८ अंशांचा, म्हणजे 'थंड' नव्हे तर 'शीत'. थोडक्यात, बाटलीवरची सूचना पाळणे विदर्भातील बहुसंख्य घरांना निदान दोन-तीन महिने अशक्य असते, आणि ती पाळली गेली नाही हे कोणाला कळतही नाही.

औषधांच्या टिकाऊपणाच्या चाचण्यांसाठी जगाचे हवामानानुसार विभाग केलेले आहेत. युरोपात दीर्घकालीन चाचणी २५ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रतेत करतात. भारतासाठी ती ३० अंश आणि ७० टक्क्यांवर व्हावी, असे संकेत आहेत. यांखेरीज एक 'वेगवर्धित' चाचणी असते: ४० अंश, ७५ टक्के आर्द्रता, सहा महिने. औषधाला मुद्दाम त्रास देऊन ते किती तग धरते हे पाहण्यासाठी ही कसोटी. प्रयोगशाळेत जी छळाची परिस्थिती मानली जाते, तिच्यातले तापमान आपल्याकडे कुरिअरच्या पत्र्याच्या गोदामात उन्हाळ्यात साधी दुपार असते. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम. तो प्रत्येक द्रव्याला तंतोतंत लागू पडत नाही, पण दिशा दाखवायला पुरेसा आहे. परदेशात २५ अंशांना तपासून छापलेली मुदत येथे जशीच्या तशी गृहीत धरणे म्हणजे स्वतःची समजूत घालणे होय.

मग येथील नियम काय करतात? आयुर्वेदिक औषधांसाठी मुदत छापणे बंधनकारक आहे. परंतु नियम १६१-ब मधील मुदती कल्पप्रकारानुसार आहेत. चूर्णाला इतकी वर्षे, तेलाला इतकी, आसव-अरिष्टांना इतकी. या मागे एक जुनी आणि आदरणीय परंपरा आहे. शार्ङ्गधर संहितेत चूर्ण दोन महिन्यांनी, गुटी व अवलेह वर्षाने आणि औषधी तूप-तेले रूढ अर्थानुसार सोळा महिन्यांनी हीनवीर्य होतात, असे सांगितले आहे. आसवे आणि भस्मे मात्र जुनी होतील तितकी गुणकारी मानली. मध्ययुगातील ग्रंथकाराने औषधाला कालमर्यादा असते हे ओळखून तिचा तक्ता मांडावा, ही अभिमानाचीच बाब. पण त्या तक्त्याचे तर्कशास्त्र कल्पाचे आहे, रेणूचे नाही. 'तेल' या एका नावाखाली नारायण तेलही येते आणि मिलिलिटरमागे मिलिग्रॅमचा आकडा छापून विकले जाणारे विजया तेलही येते. ज्या क्षणी उत्पादक बाटलीवर सीबीडीचा आकडा छापतो, त्या क्षणी तो परंपरेच्या अंगणातून आधुनिक औषधशास्त्राच्या अंगणात पाऊल टाकतो. मग मुदतीच्या शेवटच्या दिवशीही तो आकडा खरा असल्याचा पुरावा त्याच्याकडे मागायला नको का? आकड्याचा भाव घ्यायचा आणि जबाबदारी मात्र कल्पप्रकाराच्या तक्त्यावर ढकलायची, ही दुहेरी सोय ग्राहकाच्या हिताची खचितच नाही.

काही विक्रेते संकेतस्थळावर प्रयोगशाळेचा तपासणी अहवाल ठेवतात. हे स्वागतार्ह आहे. पण अहवाल असतो तो कारखान्यातून माल निघाला त्या सुमाराचा, बाटली उघडली त्या दिवसाचा नव्हे. मुळात त्या दिवशीचा आकडाही भरवशाचा असेलच असे नाही. अमेरिकेत ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी करून २०१७ मध्ये 'जामा' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केवळ ३१ टक्के उत्पादनांवरील आकडा बरोबर निघाला. २६ टक्क्यांत सांगितल्यापेक्षा कमी सीबीडी होता, ४३ टक्क्यांत जास्त. २१ टक्क्यांत टीएचसीही आढळला. कमी निघालेल्यांपैकी किती कारखान्यातच कमी भरले गेले आणि किती वाटेत घटले, हे बाटली पाहून सांगता येत नाही. ग्राहकाला तर नाहीच नाही.

याची किंमत कोण मोजतो? झोपेसाठी चार थेंब घेणाऱ्याचे फार बिघडत नाही, पैसे तेवढे वाया जातात. पण अपस्माराच्या मुलाचे गणित वेगळे आहे. एपिडिओलेक्सच्या पत्रकानुसार ड्राव्हेसारख्या विकारात सुरुवात दर किलो वजनामागे दिवसाला ५ मिलिग्रॅमने होते आणि मात्रा १० पर्यंत नेली जाते. २० किलो वजनाच्या मुलाला दिवसाला २०० मिलिग्रॅम, म्हणजे त्या द्रावणाचे दोन मिलिलिटर. बाटलीतला सीबीडी पंधरा टक्क्यांनी घटला तर मुलाला रोज तीस मिलिग्रॅम कमी मिळते. झटके वाढतात. आई-वडील डॉक्टरांकडे धावतात. मात्रा कमी पडते आहे असे समजून डॉक्टर ती वाढवतात. आठवड्याने जुनी बाटली संपते, नवी ताजी बाटली उघडली जाते आणि वाढवलेली मात्रा आता पूर्ण ताकदीने शरीरात जाते. मूल क्लोबाझाम घेत असेल तर सीबीडीमुळे त्याच्या क्रियाशील अवशेषाची रक्तातील पातळी वाढून गुंगी येते. व्हॅल्प्रोएट घेत असेल तर यकृतातील विकरे वाढण्याचा धोका असतो. औषधाचा दोष, आजाराचा दोष, डॉक्टरांचा दोष, सगळ्यांची चर्चा होते. बाटली कोठे ठेवली होती, हे बहुधा कोणी विचारत नाही.

म्हणूनच घरातली व्यवस्था क्षुल्लक समजू नये. बाटली गडद तपकिरी काचेचीच असावी आणि तिच्या पुठ्ठ्याच्या खोक्यातच राहावी. काच उजेडाचा बराच भाग अडवते, खोके उरलेला अडवते. प्लॅस्टिकच्या बाटलीत तेल काढून ठेवू नये, सीबीडी स्निग्धप्रेमी असल्याने त्याचा काही अंश प्लॅस्टिक शोषून घेऊ शकते. जुन्या वाड्यांत कोठीची खोली असे, अंधारी, गार, कोरडी. आजच्या सदनिकेत ती गेली आणि तिची जागा स्वयंपाकघरातील गॅसवरच्या फळीने घेतली, जी औषधासाठी घरातली सर्वांत वाईट जागा. न्हाणीघरातील आरशाचे कपाट तितकेच वाईट. त्यापेक्षा आतल्या खोलीतील, पश्चिमेच्या भिंतीला न टेकलेल्या कपाटाचा खालचा कप्पा बरा. गरम हवा वर चढते, खालच्या आणि वरच्या कप्प्यात भर उन्हाळ्यात दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. घरात लहान मुले असतील तर कप्प्याला कुलूप हवे, हे वेगळे सांगायला नको.

बाटली अर्धी झाली की वरच्या मोकळ्या जागेत हवा साठते आणि घट होण्याचा वेग वाढतो. त्यामुळे 'मोठी बाटली स्वस्त पडते' हा किराणा मालाचा हिशेब येथे अंगाशी येतो. महिना-दोन महिन्यांत संपेल एवढीच बाटली घ्यावी. उघडल्याची तारीख खोक्यावर पेनाने लिहावी. छापील मुदत ही न उघडलेल्या बाटलीची असते, ही साधी गोष्ट सुशिक्षित घरांतही लक्षात घेतली जात नाही. थेंबनळी जिभेला लावून पुन्हा बाटलीत घालू नये. निव्वळ तेलात जंतू सहसा वाढत नाहीत, पण लाळेबरोबर पाणी आत जाते आणि मग तो भरवसा उरत नाही. झाकण लगेच आणि घट्ट लावावे. उन्हात उभ्या मोटारीत बाटली अर्धा तासही ठेवू नये.

तेल बिघडले हे ओळखावे कसे? खवट वास आला तर प्रश्नच नाही, टाकून द्यावे. रंग गडद झाला, तळाशी साका दिसला, चव एकदम कडवट लागली तर विक्रेत्याला विचारावे. परंतु या खुणा वाहक तेलाची आणि अर्काची अवस्था सांगतात, सीबीडीचे प्रमाण नव्हे. पंधरा टक्के घट डोळ्यांना, नाकाला, जिभेला कळत नाही. ती केवळ प्रयोगशाळेतील यंत्राला कळते. ज्या मुलांचे झटके या औषधावर आटोक्यात आहेत, त्यांच्या पालकांनी मात्रा बदलण्याआधी बाटली कधी उघडली, ती कोठून आणि कशी आली, उन्हाळ्यात किती दिवस टपालात होती, हे स्वतःहून डॉक्टरांना सांगितले पाहिजे.

अमेरिकेत असलेल्या मुलांकडून आई-वडिलांसाठी तेल मागवण्याची एक पद्धत मराठी घरांत रुजू पाहते आहे. टिकाऊपणाच्या दृष्टीने ती वाईट आहेच, पण कायद्याच्या दृष्टीने अधिक धोक्याची आहे. तिकडचे तेल सहसा फुलोऱ्यापासून काढलेले असते आणि तिकडे ते दुकानात खुलेआम मिळते म्हणून येथील विमानतळावर ते निर्धोक ठरत नाही. वाटेत दुबई किंवा सिंगापूर असेल तर तेथील कायदे आणखी कडक आहेत.

उत्पादकांकडून मागण्यासारख्या गोष्टी फार महाग नाहीत. 'थंड जागी' या मोघम शब्दांऐवजी अंशांत तापमान. उघडल्यानंतर किती आठवड्यांत संपवावे, याचा आकडा. वाहक तेलाचे नाव. ३० अंशांवर केलेल्या चाचणीत मुदतीअखेर किती टक्के सीबीडी उरला, याची एक ओळ. एपिडिओलेक्सच्या निर्मात्यांना तापमान आणि बारा आठवड्यांचा आकडा छापणे भाग पडले ते औषध प्रशासनाने पुरावा मागितला म्हणून. आपल्याकडे हे परवाने राज्यांच्या अखत्यारीत आहेत आणि विजयायुक्त तेलापुरती ही अट घालायला नवा कायदा करावा लागेल असे दिसत नाही. जम्मूतील सीएसआयआरच्या संस्थेत भांगेवर रीतसर परवानगीने संशोधन चालू आहे, त्यामुळे चाचण्या करणारी यंत्रणा देशात नाही, ही सबबही चालणार नाही. येत्या उन्हाळ्याच्या आत निदान कुरिअरने जाणाऱ्या बाटल्यांच्या खोक्यात तापमान ओलांडल्यास रंग बदलणारी एक चिकटपट्टी टाकता येईल. लशींच्या कुप्यांवर असा उष्णतादर्शक ठिपका आपल्याकडे कित्येक वर्षे लावला जातो आणि खेड्यातील आरोग्यसेविका तो पाहूनच लस वापरायची की नाही हे ठरवते.